कर्लने चालतं, पायथनमधून ४०१. माझा ऑथरायझेशन हेडर जातो तरी कुठे?

किल्लीहरवली (सकाळी ११:४०)

कालचा अख्खा दिवस यात गेला. आता हात टेकले, म्हणून इथे विचारतेय.

बाहेरच्या एका सेवेकडून रोजच्या ऑर्डरी ओढून आमच्या डेटाबेसमध्ये भरायच्या आहेत. त्यांची एपीआय, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागायची सोय, कागदावर तरी अगदी साधी आहे. ऑथरायझेशन या हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणारी, आपली ओळख सांगणारी ओळ) आधी 'टोकन' हा शब्द, मग एक स्पेस, मग त्यांनी दिलेली ४० अक्षरांची की. नेहमीचा 'बेअरर' नाही, 'टोकन'च. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे ठळक अक्षरात लिहिलंय, म्हणजे माझ्या आधी बरेच जण तिथे आपटले असणार.

टर्मिनलमधून कर्ल या कमांडने रिक्वेस्ट मारली की २०० (सगळं ठीक) येतो आणि जेसन रूपातला डेटा धो धो ओतला जातो. तोच पत्ता, तीच की पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीतून वापरली की ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. सोबत एकच ओळ: 'ऑथेंटिकेशन क्रेडेन्शियल्स वेअर नॉट प्रोव्हायडेड.' अहो, दिलेत की!

काय काय करून झालंय ते सांगते, म्हणजे तेच परत सुचवायला नको. की नव्याने पेस्ट केली. तिची लांबी छापून पाहिली, बरोबर ४०. त्यांच्याकडून नवीन कीसुद्धा मागवली. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पाडून परत बांधलं. कॉल करायच्या आधीच्या ओळीवर हेडर्सची डिक्शनरी छापली, त्यात ऑथरायझेशन दिसतो आणि अक्षर न् अक्षर बरोबर आहे.

आणि आता जे खरं डोक्यात जातंय ते. हीच फाइल, एक स्वल्पविरामही न बदलता, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात चालते. नेटवर्क एक, लायब्ररीची आवृत्ती एक. तो म्हणतो तुझ्या मशीनला दृष्ट लागलीय. मला आता तेही पटायला लागलंय.

सेमीकोलन (दुपारी १२:०५)

लांबी ४० आहे म्हणजे कीच्या शेपटीला न्यूलाइन चिकटलेली नाही, तो नेहमीचा संशयित सुटला. पण 'टोकन' आणि की यांच्या मधली स्पेस खरोखर स्पेस आहे का? पीडीएफमधून किंवा वर्डमधून ती ओळ उचलली असेल तर मध्ये नॉन-ब्रेकिंग स्पेस बसलेली असू शकते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. साध्या स्पेसचा कोड ३२, हिचा १६०. सर्व्हर त्या जागी तुकडे करायला जातो, तुकडे पडतच नाहीत, मग 'टोकन' हा शब्द त्याला सापडत नाही. मी यात एकदा एक दुपार घालवलीय.

दुसरी शक्यता म्हणजे त्यांचा प्रोग्राम अपाची या वेब सर्व्हरवर मॉड-डब्ल्यूएसजीआय या मॉड्यूलने चालत असेल. ते मुळात ऑथरायझेशन हेडर आतल्या प्रोग्रामपर्यंत पोचूच देत नाही, त्यासाठी 'डब्ल्यूएसजीआय पास ऑथरायझेशन' ऑन करावं लागतं. त्यांना विचारून बघा.

किल्लीहरवली (दुपारी १२:२०)

कोड तपासला, ३२च आहे. आणि तीच फाइल त्याच्याकडे चालते, तेव्हा फाइलमधली अक्षरं दोषी कशी असतील? अपाचीचंही तसंच वाटतं. सर्व्हर हेडर गिळत असता तर कर्लही उपाशी राहिलं असतं ना?

जुना_खिळा (दुपारी १:१०)

बरोबर तर्क आहे. सर्व्हर आणि फाइल दोन्ही बाजूला ठेवा. उरलं तुमचं मशीन. पण त्याआधी एररच्या मजकुराकडे जरा नीट बघू, सगळेजण ४०१ वाचतात आणि खालची ओळ सोडून देतात.

'टोकन' हा शब्द, ४० अक्षरी की आणि तुम्ही दिलेलं ते वाक्य, या तिन्हींवरून समोर बहुधा जँगो रेस्ट फ्रेमवर्क, म्हणजे पायथनमध्ये एपीआय बांधायची चौकट, आहे. त्याच्या टोकनच्या तपासणीत दोन वेगळी उत्तरं असतात. की चुकीची असेल तर ते 'इनव्हॅलिड टोकन' म्हणतं. हेडरच नसेल, किंवा हेडर 'टोकन'ऐवजी भलत्याच शब्दाने सुरू होत असेल, तर 'हे माझ्यासाठी नाही' म्हणून ते सोडून देतं आणि शेवटी 'क्रेडेन्शियल्स दिलीच नाहीत' असं सांगतं. तुम्हाला दुसरं उत्तर येतंय. म्हणजे की चूक की बरोबर हा प्रश्न सर्व्हरपुढे आलेलाच नाही. नवीन की मागवलीत ती फुकट गेली.

तुम्ही डिक्शनरी छापलीत ती कॉलच्या आधी. लायब्ररीच्या हातात काय दिलं ते त्यात दिसलं. लायब्ररीने पुढे काय पाठवलं ते कुठे पाहिलंत? उत्तर हातात आल्यावर त्याच ऑब्जेक्टमध्ये पाठवलेली रिक्वेस्ट जपून ठेवलेली असते. रिस्पॉन्स डॉट रिक्वेस्ट डॉट हेडर्स छापा. त्याच्या खाली रिस्पॉन्स डॉट हिस्टरीही छापा, मधे कुठे रिडायरेक्ट झाला असेल, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं असेल, तर तिथे दिसेल.

इथे चिकटवताना की खोडा. अर्धी नाही, सगळी.

किल्लीहरवली (दुपारी १:३५)

हिस्टरी रिकामी आहे.

हेडर्समध्ये मात्र ऑथरायझेशनच्या पुढे 'टोकन' नाहीच! तिथे 'बेसिक' (नाव-पासवर्ड पाठवायची पद्धत) आहे, आणि पुढे बेस-६४ सारखं, म्हणजे मजकूर सांकेतिक अक्षरांत बदललेलं, काहीतरी लांबलचक. या स्क्रिप्टमध्ये 'बेसिक' हा शब्द मी कुठेही लिहिलेला नाही. सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोधलं, एकही नाही.

ते बेस-६४ उलगडून पाहिलं तर 'अ‍ॅनॉनिमस', मग अपूर्णविराम, मग माझा जुना ईमेल पत्ता. तीन वर्षं झाली तो पत्ता बंद होऊन. अंगावर काटा आला खरंच.

जुना_खिळा (दुपारी १:५०)

घाबरू नका, भूत ओळखीचं आहे. तुमच्या होम फोल्डरमध्ये नेटआरसी नावाची फाइल आहे, कुठल्या सर्व्हरला कुठलं लॉगिन-पासवर्ड ते तिच्यात लिहिलेलं असतं. नावाच्या आधी टिंब असतं म्हणून साध्या यादीत दिसत नाही. विंडोजवर टिंबाच्या जागी अंडरस्कोअर लावलेलीही चालते. तिच्यात 'डीफॉल्ट' शब्दाने सुरू होणारी एक ओळ असेल, लॉगिन 'अ‍ॅनॉनिमस', पासवर्डच्या जागी तुमचा ईमेल. एफटीपीने फाइली उतरवायच्या जमान्यातली रीत आहे ती. निनावी लॉगिन करताना पासवर्ड म्हणून आपला ईमेल द्यायचा.

आता रिक्वेस्ट्स काय करते ते सांगतो. कॉलमध्ये तुम्ही 'ऑथ' हे पॅरामीटर दिलं नाहीत, नुसता हेडर दिलात. लायब्ररीच्या लेखी याचा अर्थ 'हिने ओळखपत्र दिलं नाही, आपण शोधू'. मग ती नेटआरसी उघडते आणि त्या होस्टची (सर्व्हरच्या नावाची) नोंद सापडली की त्यातून बेसिकचा हेडर बनवते. हेडर्सची डिक्शनरी त्याआधीच लावून झालेली असते आणि ऑथ सगळ्यात शेवटी लागतं, त्यामुळे तुमचा 'टोकन'वाला हेडर पुसला जातो. काही बोलत नाही, सूचना नाही, काही नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, पण ते वाक्य माणूस मार खाल्ल्यावरच वाचतो.

एरवी नेटआरसीतली नोंद ठरावीक होस्टपुरती असते. 'डीफॉल्ट' ओळ मात्र ज्या होस्टची स्वतंत्र नोंद नाही अशा प्रत्येकाला लागू होते. म्हणून जिचा एफटीपीशी काडीचा संबंध नाही अशा एपीआयला तुमचा जुना ईमेल जात होता. कर्ल ती फाइल आपण होऊन उघडत नाही, त्याला वेगळा पर्याय देऊन सांगावं लागतं, म्हणून ते सुटलं. आणि सहकाऱ्याकडे ती फाइलच नसणार.

किल्लीहरवली (दुपारी २:१५)

आहे! चार ओळींची फाइल, चौथी ओळ तीच. आधीच्या कामात एका एफटीपी सर्व्हरवरून रोज फाइली उतरवायच्या होत्या, तेव्हा कुणीतरी सांगितलं आणि मी लिहिली. लॅपटॉप बदलला तेव्हा सगळं होम फोल्डर जसंच्या तसं उचलून आणलं होतं. म्हणजे नवीन घरात जुन्या घरातली झुरळंसुद्धा आणली.

आता फाइल उडवू का? वरच्या तीन ओळी एका दुसऱ्या कामाला अजून लागतात. शोधल्यावर एक उपाय सापडला की सेशनचं (सगळ्या कॉलना एकच सेटिंग लावणारं रिक्वेस्ट्सचं ऑब्जेक्ट) 'ट्रस्ट एन्व्ह' फॉल्स करायचं. ते केलं तर ४०१ गेला, पण आता कनेक्शनच होत नाही, टाइमआउट येतो.

जुना_खिळा (दुपारी २:३०)

तुमच्याकडे बाहेर जायला प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, आहे ना? मग होणारच. 'ट्रस्ट एन्व्ह' बंद केलं की नेटआरसीबरोबर प्रॉक्सीचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही दुर्लक्षित होतात, आणि सर्टिफिकेटांचा वेगळा गठ्ठा तिथून दिला असेल तर तोही. एका ढेकणासाठी घर जाळल्यासारखं आहे ते. मी ते वापरत नाही.

दोन गोष्टी करा. पहिली, ती 'डीफॉल्ट' ओळ उडवा, बाकीच्या तीन राहू द्या. दुसरी, स्क्रिप्ट उद्या दुसऱ्या कुणाच्या मशीनवर जाणार, त्याच्या नेटआरसीत काय आहे ते तुम्हाला कसं कळणार? म्हणून टोकन हेडर्समधून देऊ नका, 'ऑथ' मधून द्या. रिक्वेस्ट्समध्ये 'ऑथबेस' नावाचा क्लास आहे, त्यावरून स्वतःचा पाचसहा ओळींचा क्लास काढायचा. बनवताना की आत घ्यायची, आणि कॉल मेथडमध्ये येणाऱ्या रिक्वेस्टच्या हेडर्समध्ये ऑथरायझेशन लिहून तीच रिक्वेस्ट परत करायची. तो ऑब्जेक्ट सेशनच्या 'ऑथ'ला लावला की लायब्ररीला ओळखपत्र मिळालं, ती शोधायला जात नाही.

मात्र आधी फक्त दुसरं करून बघा, ओळ तशीच ठेवून. ओळ उडवल्यावर सगळंच चालेल आणि क्लास बरोबर लिहिलाय की नाही ते समजणार नाही.

रात्रपाळी (दुपारी ३:०५)

धागा पळवतोय, माफ करा. माझं दुखणं जवळचंच आहे, पण ब्राउझरमधलं. जावास्क्रिप्टच्या फेचमध्ये ऑथरायझेशन लावला की सर्व्हरच्या लॉगमध्ये आधी ऑप्शन्स रिक्वेस्ट दिसते, तिच्यात हेडर नसतो, आमचा कोड तिला ४०१ देतो आणि खेळ खलास. सर्व्हर आमचाच आहे. 'अ‍ॅक्सेस कंट्रोल अलाउ हेडर्स'मध्ये मी चांदणी (*) टाकलीय, म्हणजे सगळे हेडर चालायला हवेत ना?

जुना_खिळा (दुपारी ३:२०)

तुमच्या दोन चुका एकमेकींना झाकतायत. ऑप्शन्स ही ब्राउझरची चाचपणी आहे, तिच्यात टोकन कधीच नसतं. तिला ओळख विचारायची नाही, सरळ २०४ (ठीक, मजकूर नाही) देऊन सोडायचं. ते दुरुस्त केलंत की दुसरी चूक वर येईल. ती चांदणी बाकीच्या हेडरांना चालते, पण ऑथरायझेशन तिच्यात धरला जात नाही. त्याचं नाव स्पष्ट लिहावं लागतं.

आणि सर्व्हर तुमचाच आहे तर एक आगाऊ सांगून ठेवतो. स्वतःचे हेडर बनवताना नावात अंडरस्कोअर घालू नका, आडवी रेघ घाला. मी एकदा 'क्लायंट अंडरस्कोअर आयडी' असा हेडर ठेवला होता. माझ्या मशीनवर उत्तम. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर समोर बसवल्यावर तो हेडर गायब. अंडरस्कोअर असलेले हेडर एनजिनएक्स मुळातच टाकून देतं आणि साध्या लॉगमध्ये त्याची वाच्यताही करत नाही. 'अंडरस्कोअर्स इन हेडर्स' ऑन केलं तर सोडतं, पण तोवर माझे दोन दिवस आणि एका सहकाऱ्याशी असलेली मैत्री, दोन्ही गेली होती. मैत्री नंतर परत आली.

रात्रपाळी (दुपारी ३:५५)

दोन्ही बदल केले, चाललं. ४०१ गेल्यावर खरोखरच कन्सोलमध्ये ऑथरायझेशनच्या नावाने दुसरा एरर आला. आभार. धागा परत देतो.

किल्लीहरवली (संध्याकाळी ५:४०)

मी परत आले, आणि थोडी वैतागून.

क्लास लिहिला, 'डीफॉल्ट' ओळ मुद्दाम ठेवली. ऑर्डरींची यादी लगेच आली, २०० आणि हेडर्समध्ये 'टोकन'. टेबलावर हात आपटला मी आनंदाने. मग एकेका ऑर्डरीचा तपशील आणायला गेले तर पुन्हा ४०१, पुन्हा तेच वाक्य. तोच सेशन, तोच ऑथ!

या वेळी मात्र इथे धावत येण्याआधी दुपारचं शिकलेलं करून पाहिलं. रिस्पॉन्स डॉट रिक्वेस्ट डॉट हेडर्स: पुन्हा 'बेसिक'. आणि हिस्टरी या वेळी रिकामी नाही, तिच्यात एक ३०१, म्हणजे रिडायरेक्ट, आहे. त्या ३०१ च्या रिक्वेस्टचे हेडर पाहिले तर तिथे 'टोकन' व्यवस्थित आहे. म्हणजे पहिल्या दारात बरोबर ओळखपत्र दाखवलं, दुसऱ्या दारात जुनं?

दोन पत्ते शेजारी ठेवून पाहिले. फरक फक्त शेवटच्या तिरक्या रेघेचा. यादीचा पत्ता मी डॉक्युमेंटेशनमधून उचलला होता, त्याला शेवटी रेघ आहे. तपशिलाचा पत्ता ऑर्डर नंबर जोडून मी स्वतः बनवते, त्यात ती नाही. रेघ घातली, चाललं. पण का? होस्ट तर तोच आहे. रिडायरेक्टमध्ये परक्या होस्टला टोकन जाऊ नये म्हणून काढतात हे वाचलंय, हा परका कुठे होता?

जुना_खिळा (संध्याकाळी ६:१५)

हे मी दुपारीच सांगायला हवं होतं, राहून गेलं. चूक माझी.

जँगोत शेवटची रेघ नसली की ३०१ देऊन रेघवाल्या पत्त्याकडे पाठवायची सोय मुळातच चालू असते, आणि हे ओळख तपासण्याच्या आधी घडतं. रिडायरेक्ट आला की रिक्वेस्ट्स ऑथरायझेशनचा दोनदा विचार करते. आधी बघते, होस्ट बदलला का? बदलला तर हेडर काढते. तुमचा बदलला नाही, त्यामुळे 'टोकन' तिथवर शाबूत होता. त्यानंतर दुसरा विचार: नव्या पत्त्यासाठी नेटआरसीत काही आहे का? असेल तर ते लावते, होस्ट तोच असला तरी. तुम्ही दिलेलं 'ऑथ' या टप्प्यावर विचारातच घेतलं जात नाही. 'डीफॉल्ट' ओळ अजून जागेवर होती, तिने परत डाव साधला. ती उडवली असती तर रेघ नसतानाही चाललं असतं.

परक्या होस्टबद्दल वाचलंत ते खरं आहे. कर्लसुद्धा हाताने लिहिलेला ऑथरायझेशन रिडायरेक्टमागे दुसऱ्या होस्टला पाठवायचं, ते २०१८ च्या जानेवारीत ७.५८.० आवृत्तीत थांबवलं. डॉटनेटचं एचटीटीपी क्लायंट तर आणखी सोवळं, होस्ट तोच असला तरी रिडायरेक्टवर ऑथरायझेशन काढूनच टाकतं. म्हणजे तुमची ही रेघ तिथे विसरली असती तर नेटआरसीशिवायही ४०१ च आला असता.

हे सगळं संरक्षण ऑथरायझेशन या नावालाच आहे, हेही ध्यानात ठेवा. की एखाद्या मनाने ठेवलेल्या नावाच्या हेडरमधून पाठवत असाल तर रिक्वेस्ट्सला ते गुपित आहे हे कळायचा मार्ग नाही, रिडायरेक्ट जिथे नेईल तिथे तो हेडर निमूट जातो. म्हणून एपीआयच्या कॉलला मी 'अलाउ रिडायरेक्ट्स' फॉल्सच ठेवतो. ३०१ आला तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं आणि मला सांगावं. पोस्टच्या कॉलला तर नक्कीच, कारण ३०१ नंतर रिक्वेस्ट्स पोस्टचा (डेटा पाठवणं) गेट (डेटा मागणं) करून टाकते आणि बॉडी, म्हणजे पाठवायचा डेटा, वाटेत सांडते.

किल्लीहरवली (रात्री ८:०५)

ओळ उडवली, पत्ते बनवणाऱ्या फंक्शनमध्ये शेवटची रेघ घातली, रिडायरेक्ट बंद केले. एररच्या वेळी हेडर्स लॉगमध्ये लिहायचीही सोय केली, की खोडून, फक्त पहिला शब्द आणि लांबी. सेमीकोलन, तुमची १६० वाली तपासणीही त्यातच बसवली, मधल्या अक्षराचा कोड छापते.

सहकाऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि मग गुपचूप स्वतःचं होम फोल्डर उघडून बघत बसला.

आता ४०१ एकही नाही. ४२९ येतोय, म्हणजे फार वेळा मागितलं. त्याचं कारण मात्र कुणाला विचारायला नको: दोन दिवस त्यांच्या दारावर धडका मारणारी मीच होते. 'रिट्राय आफ्टर'मध्ये ३६०० सेकंद दिलेत, तोवर जेवून घेते.